लक्ष नसलेले मूल आणि ऐकू न येणारे मूल

प्राथमिक शाळांची जुनी प्रगतिपत्रके चाळली, तर काही शेरे वर्षानुवर्षे त्याच त्या शब्दांत आढळतात. ‘अभ्यासाकडे लक्ष नाही’, ‘सांगितलेले ध्यानात ठेवीत नाही’, ‘मंद’, ‘हट्टी’. असे शेरे लिहिणाऱ्या शिक्षकाच्या मनात आकस नसतो. जे दिसले ते तो लिहितो. तथापि ज्या मुलांविषयी हे लिहिले जाते, त्यांपैकी काहींचे न्यून बुद्धीत नसून कानात असते, ही गोष्ट गेल्या काही दशकांतील संशोधनाने निःसंशय सिद्ध केली आहे.

जन्मतः पूर्ण बहिऱ्या असलेल्या मुलाविषयी असा घोटाळा फारसा होत नाही. ते बोलू लागत नाही, आणि त्यामुळे दोन-तीन वर्षांच्या आत घरच्यांच्या मनात शंका येते. घोटाळा होतो तो अर्धवट ऐकणाऱ्या मुलाविषयी. हे मूल बोलते, खेळते, मोठ्याने हाक मारल्यास वळून पाहते. शाळेची घंटाही त्यास ऐकू येते. मग पाठ चालू असताना ते शून्यात पाहत का बसते? आई म्हणते, ‘मतलबाचं तेवढं बरोबर ऐकू येतं त्याला.’ शिक्षकही तसेच समजतो. मुलास स्वतःस तर काहीच सांगता येत नाही. कारण इतरांस आपल्याहून अधिक ऐकू येते हे त्यास कळावे कसे?

हा घोटाळा का होतो हे समजण्यासाठी कानाचे कार्य थोडे खोलात जाऊन पाहिले पाहिजे. कानाची आकृती पाठ्यपुस्तकात असते, भागांची नावे मुले पाठही करतात. परंतु एक महत्त्वाचा मुद्दा त्यातून बहुधा निसटतो. ध्वनीच्या लहरी हवेतून येतात, आणि ज्या पेशींनी त्या ओळखावयाच्या त्या मात्र द्रवात बुडालेल्या असतात. हवेतील ध्वनी पाण्यावर आदळला की त्याचा बहुतेक भाग परत फिरतो. विहिरीत बुडी मारलेल्या पोरास काठावरच्या मंडळींचे बोलणे कळत नाही, त्याचे मुख्य कारण हेच. ही अडचण मध्यकर्णाने सोडविली आहे. कानाच्या पडद्यास लागून हातोडी, ऐरण व रिकीब यांच्या आकाराची तीन हाडे एकापुढे एक जोडलेली असतात. रिकीब हे मानवी शरीरातील सर्वांत लहान हाड. त्याची लांबी जेमतेम ३ मिलिमीटर. पडद्याचे क्षेत्रफळ रिकिबीच्या तळाच्या सुमारे १७ पट असल्याने मोठ्या जागेवर पडलेला दाब लहानशा जागेवर एकवटतो, आणि हाडांच्या तरफेची त्यात थोडी भर पडते. अशा रीतीने सुमारे वीसपट झालेला दाब आतील द्रवास हलवितो.

हा द्रव गोगलगाईच्या शंखासारख्या वेटोळ्या नळीत असतो. तीस कर्णशंबूक म्हणतात. तिची सुमारे अडीच वेटोळी उलगडली तर लांबी साडेतीन सेंटिमीटर भरेल. एवढ्याशा नळीत उंच आणि खालचे स्वर वेगवेगळे कसे ओळखले जातात, हे कोडे गेओर्ग फॉन बेकेशी या शास्त्रज्ञाने सोडविले. हा गृहस्थ वैद्य नव्हता. हंगेरीच्या डाक खात्याच्या प्रयोगशाळेत तो टेलिफोनच्या सुधारणेवर काम करीत असे, आणि यंत्र ज्या कानासाठी बनवावयाचे तो कान स्वतः कसा चालतो, या प्रश्नाने त्यास पछाडले. मृत माणसांच्या कानांतील ही नळी उघडून, आतील पटलावर चांदीची बारीक भुकटी टाकून, लुकलुकणाऱ्या प्रकाशात त्याने तिचे निरीक्षण केले. पटलावरून लहर धावत जाते, आणि उंच स्वराची लहर तोंडापाशीच, तर खालच्या स्वराची लहर दूर टोकाशी सर्वांत अधिक उसळते, असे त्यास दिसले. या शोधाबद्दल १९६१ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले.

लहर जेथे उसळते तेथील केशपेशी जाग्या होतात आणि मज्जातंतूंवाटे मेंदूस वर्दी देतात. प्रत्येक कानात अशा पेशी सुमारे पंधरा ते सोळा हजार असतात. डोक्यावरील केसांच्या मानाने ही संख्या किती अल्प आहे! शिवाय माणसात ही पेशी एकदा मेली की पुन्हा उगवत नाही. पक्ष्यांत ती पुन्हा उगवते, हे १९८८ साली अमेरिकेतील संशोधकांनी कोंबडीच्या पिलांत व लाव्यांत दाखविले, आणि तेव्हापासून जे पाखरांत घडते ते माणसात का घडत नाही, याचा शोध अनेक प्रयोगशाळांत चालू आहे.

यावरून बहिरेपणाचे दोन प्रकार सहज ध्यानात येतील. ध्वनी आत पोहोचविणाऱ्या भागात, म्हणजे कानाची वाट, पडदा वा हाडे यांत बिघाड झाला तर तो वहनदोष. केशपेशी अथवा मज्जातंतू यांत बिघाड असेल तर तो ग्रहणदोष. पहिला बहुधा बरा करता येतो, दुसरा बहुधा नाही. प्राथमिक शाळेच्या वयात पहिलाच प्रकार फार आढळतो, आणि दुर्दैवाने तोच सर्वांत दुर्लक्षित राहतो.

त्याचे मूळ नाकाच्या मागील भागातून मध्यकर्णात जाणाऱ्या एका अरुंद नळीत आहे. सोळाव्या शतकातील इटालियन शरीरशास्त्रज्ञ यूस्टेशियस याच्या नावाने ती ओळखली जाते. पडद्याच्या आतबाहेर हवेचा दाब सारखा राखणे हे तिचे काम. घाट चढताना कानास दडे बसतात आणि आवंढा गिळताच ते सुटतात, ते या नळीमुळेच. मोठ्या माणसात ती तिरपी असते. लहान मुलात ती आखूड व जवळजवळ आडवी असते. त्यामुळे पडशाची सूज तेथे लवकर पोहोचते आणि नळी बंद होते. आतली हवा हळूहळू शोषली जाते, तिच्या जागी पाणी झिरपते, आणि काही मुलांत ते डिंकासारखे दाट होते. हाडांची ती नाजूक साखळी मग चिखलात रुतलेल्या गाडीप्रमाणे हलेनाशी होते.

या विकाराचा कावा असा की, त्यात बहुधा ठणका नसतो, ताप नसतो, कानातून बाहेर काही येत नाही. फक्त ऐकू येणे २० ते ३० डेसिबेलांनी कमी होते. डेसिबेल हे ध्वनीच्या तीव्रतेचे माप होय; कुजबुज सुमारे ३०, तर समोरासमोरचे साधे बोलणे सुमारे ६० डेसिबेल धरतात. उणीव कितपत आहे हे आकड्यांवरून समजत नसेल, तर शिक्षकाने दोन्ही कानांत बोटे घट्ट घालून दहा मिनिटे सहकाऱ्याचा पाठ ऐकून पाहावा. पहिली दोन मिनिटे सर्व समजते. पुढे प्रत्येक वाक्य ओढून घ्यावे लागते, आणि दहाव्या मिनिटास मन खिडकीबाहेर जाते. मुलाचे मन पाच तास कसे टिकावे?

शिवाय हे पाणी कधी भरते, कधी ओसरते. जूनमध्ये नीट ऐकणारे मूल श्रावणात ऐकेनासे होते आणि दिवाळीनंतर पुन्हा ऐकू लागते. ‘मागल्या महिन्यात तर सगळं ऐकत होता’ हा मग त्याच्या आळसाचा पुरावा ठरतो. वास्तविक तो रोगाचा पुरावा असतो. बऱ्याच मुलांत हे पाणी तीन महिन्यांच्या आत आपोआप जाते. न गेल्यास आणि ऐकण्यात उणीव राहिल्यास पडद्यास सूक्ष्म छेद देऊन तेथे मण्याएवढी नळी बसवितात. ही पद्धत १९५४ साली अमेरिकेतील डॉ. आर्मस्ट्राँग यांनी पुन्हा प्रचारात आणली.

‘कान फुटणे’ हा याच वाटेचा पुढचा, परंतु उघड दिसणारा विकार होय. मध्यकर्णात पू होतो, पडद्यास भोक पडते आणि कान वाहू लागतो. ‘लहानपणी सर्वांचेच कान फुटतात, वाढत्या वयात आपोआप राहतात’ ही समजूत खेड्यात पक्की आहे आणि ती घातक आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ वाहणारा कान हा जुनाट रोग समजावा. भोक तसेच राहिले तर पडदा अर्धवट निकामी होतोच. पण काही मुलांत भोकातून त्वचा आत वाढते आणि ती भोवतालचे हाड पोखरीत जाते. अशा कानातला स्राव थोडा, परंतु फार दुर्गंधीयुक्त असतो. कानामागे सूज येणे, ताप व डोकेदुखी, चक्कर, तोंड वाकडे होणे यांपैकी कोणतेही लक्षण कान वाहणाऱ्या मुलात दिसले, तर त्याच दिवशी त्यास रुग्णालयात पोहोचविले पाहिजे. कारण रोग मेंदूपर्यंत जाण्याची ती सूचना असते.

घरगुती उपायांविषयी येथे स्पष्ट लिहिणे प्राप्त आहे. कढविलेले तेल, लसणीचा वा पाल्याचा रस, दूध यांपैकी काहीही वाहत्या कानात घालू नये. आगकाडी, आकडा, पीस घालून कान कोरू नये. स्वच्छ सुती कापडाची वळलेली वात कानाच्या तोंडाशी ठेवून ओल टिपून घेणे, वात भिजली की बदलणे, हे दिवसातून तीन वेळा करावे, आंघोळीचे व ओढ्या-विहिरीचे पाणी कानात जाऊ देऊ नये, आणि डॉक्टरांनी दिलेले थेंब सांगितलेले दिवस पुरे घालावेत. एवढ्याने पुष्कळ कान सुकतात. पडद्याचे भोक न भरल्यास कानशिलावरील स्नायूच्या वेष्टनाचा तुकडा घेऊन ठिगळ लावता येते. १९५० नंतरच्या दशकात जर्मनीत वुलस्टाइन व त्सोल्नर या दोघा शल्यवैद्यांनी या शस्त्रक्रियेची शास्त्रशुद्ध घडी बसविली, आणि आज ती भारतातील अनेक जिल्ह्यांच्या ठिकाणी होते.

कानात हरभऱ्याचा वा वाटाण्याचा दाणा गेल्यास पाणी घालू नये, तो फुगून बसतो. घड्याळाची किंवा खेळण्याची चपटी बॅटरी गेल्यास विलंब न करता रुग्णालय गाठावे. ती काही तासांत आतील त्वचा जाळते.

आणखी एक गोष्ट ओघात सांगितलेली बरी. कानशिलात मारल्याने कानाच्या वाटेतील हवा एकाएकी दाबली जाते आणि निरोगी पडदाही फाटू शकतो. शारीरिक शिक्षेस २००९ च्या बालशिक्षणहक्क कायद्याने बंदी केलीच आहे. पण ज्यास ऐकू येत नाही म्हणून उत्तर देता येत नाही, त्यासच ऐकत नाही म्हणून कानाखाली मारण्याचा प्रकार कायद्यावाचूनही उमजावा इतका क्रूर आहे.

ग्रहणदोषाची कारणे वेगळी आहेत. गर्भारपणी मातेस झालेला रुबेला, मुलास झालेले गोवर, गालगुंड व मेंदूज्वर, जन्माच्या वेळी गुदमरणे, नवजात अर्भकाची तीव्र कावीळ, स्ट्रेप्टोमायसिन व जेंटामायसिन या वर्गातील औषधांचा दुष्परिणाम, आणि आनुवंशिकता. आईबाप दोघेही उत्तम ऐकणारे असूनही मूल बहिरे जन्मते याचे एक मोठे कारण १९९७ साली उलगडले. कोनेक्सिन-२६ या प्रथिनाच्या जनुकातील दोष दोघांकडून आल्यास मूल बहिरे होते. नात्यातील लग्नांत असे दोष जुळून येण्याचा संभव वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली असा अंदाज प्रसिद्ध केला की, मुलांतील बहिरेपणाची सुमारे ६० टक्के कारणे टाळण्याजोगी आहेत. गोवर-रुबेलाची लस महाराष्ट्रात २०१८ च्या मोहिमेत शाळाशाळांतून दिली गेली, तिच्यामागे हेही एक कारण होते.

मोठ्या आवाजाने केशपेशी मरतात हे तर पुष्कळ जुने ज्ञान आहे. १८८६ साली ग्लासगो येथील डॉ. टॉमस बार यांनी बॉयलर बनविणारे कामगार, लोखंडाचे ओतारी आणि टपालवाटपे यांच्या श्रवणशक्तीची तुलना केली. बॉयलरच्या पोटात बसून हातोड्यांचा मारा ऐकणाऱ्यांची स्थिती सर्वांत वाईट निघाली. वरातीच्या ध्वनिक्षेपकापुढे नाचणाऱ्या पोरांची स्थिती त्याहून फारशी वेगळी नसते. फरक एवढाच की, त्या कामगारांस पोटासाठी तेथे बसावे लागे.

आता शाळेशी प्रत्यक्ष संबंध असलेल्या संशोधनाकडे वळू या. एक कान चांगला असला की मुलाचे काही अडत नाही, असे पूर्वी डॉक्टरही सांगत. अमेरिकेतील नॅशव्हिल शहरी फ्रेड बेस आणि अ‍ॅन मेरी थार्प यांनी एकाच कानाने ऐकणारी ६० शाळकरी मुले तपासली. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या या तपासणीत असे आढळले की, त्यांपैकी ३५ टक्के मुले निदान एकदा तरी नापास झाली होती. १९९८ साली बेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १,२१८ विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांची उणीव इतकी थोडी की घरी वा शाळेत कोणास तिचा पत्ता नसावा, अशा मुलांपैकी ३७ टक्के मुलांना एखाद्या इयत्तेत पुन्हा बसावे लागले होते. इतर मुलांच्या मानाने हे प्रमाण पुष्कळच मोठे होते.

एका कानाच्या उणिवेने एवढे का बिघडावे? कारण दोन कान हे एकास दुसरा राखीव असे नाहीत. आवाज कोणत्या बाजूने आला हे मेंदू दोन्ही कानांतील अंतर पाहून ठरवितो, आणि गलबल्यातून एकच बोलणे वेचून घेण्याचे कामही दोहोंच्या साह्यानेच होते. शांत ओसरीवर एका कानाचे मूल सर्व ऐकते. चाळीस मुलांच्या वर्गात ते हरवते.

मराठी शाळेच्या दृष्टीने यात आणखी एक बाब ध्यानी घेण्याजोगी आहे. बोलण्यातील जोर स्वरांत असतो आणि अर्थ मुख्यतः व्यंजनांत असतो. ‘आ’, ‘ऊ’ हे स्वर खालच्या पट्टीचे व दणकट. ‘स’, ‘श’, ‘त’, ‘ख’, ‘फ’ यांतील श्वासाचा व घर्षणाचा भाग उंच पट्टीचा आणि अतिशय दुबळा. उंच पट्टीतील श्रवण कमी झालेल्या मुलास कोणीतरी बोलत आहे हे स्वच्छ कळते. काय बोलत आहे ते कळत नाही. ‘सात’, ‘साठ’ आणि ‘आठ’ त्यास जवळजवळ सारखेच ऐकू येतात. ‘ताट’, ‘खाट’, ‘काठ’ यांतही त्यास फरक लागत नाही. त्यातच मराठीचे विभक्तिप्रत्यय शब्दाच्या शेपटीस असतात आणि तेथे बोलणाराचा आवाज उतरलेला असतो. ‘गावास’ आणि ‘गावात’ यांतील भेद एका दुबळ्या व्यंजनावर उभा आहे. जे प्रत्यय मुलाने नीट कधी ऐकलेच नाहीत, ते त्याच्या लेखनात कोठून येणार?

यामुळेच श्रुतलेखनाची वही हे शिक्षकाच्या हाती असलेले उत्तम साधन ठरते. र्‍हस्व-दीर्घाच्या चुका सर्वांच्याच होतात. त्यांवरून काही अनुमान काढू नये. परंतु शब्दातील स्वर जागच्या जागी आणि व्यंजने मात्र बदललेली, शब्दाचा शेवट वारंवार गळालेला, आणि तोच उतारा फळ्यावरून पाहून लिहिताना शुद्ध, असे दिसले तर कानाची शंका घ्यावी. तोंडी हिशेबांतही हीच खूण सापडते. तोंडी विचारलेले चुकते, तेच पाटीवर लिहून दिल्यास बरोबर येते. पाढे म्हणताना असे मूल सामुदायिक आवाजाच्या किंचित मागे ओठ हलवीत असते.

मात्र येथे सावधगिरी हवी. ‘ण’च्या जागी ‘न’, ‘श’च्या जागी ‘स’, ‘ळ’च्या जागी ‘ल’ हे कित्येक भागांतील बोलीचे रूप आहे. तो कानाचा दोष नव्हे, किंबहुना दोषच नव्हे. ज्या मुलाच्या घरी भिली, गोंडी वा कोरकू बोलतात त्याच्या पहिल्या दोन वर्षांतील चुकाही वेगळ्या मापाने मोजाव्या लागतात. संपूर्ण वर्गाची चूक ही बोलीची असते. वर्गात एकट्याची चूक असेल तर थांबून पाहावे.

वही बंद असतानाही खुणा दिसतात. मूल एकच कान पुढे करते. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावते. शिक्षक फळ्याकडे वळले की त्याचा धागा तुटतो. ‘पुस्तके काढा’ म्हटल्यावर आधी शेजाऱ्याकडे पाहते आणि मग दप्तरात हात घालते. ही शेवटची खूण फार बोलकी आहे. सदैव उघड्या तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलाच्या नाकामागील गाठी वाढलेल्या असण्याचा आणि त्यापायी कानात पाणी साचण्याचा संभव असतो.

शंका आल्यावर करण्याजोगी एक सोपी चाचणी कॅनडातील अध्यापक डॅनियल लिंग यांनी बसविली. म, ऊ, आ, ई, श, स हे सहा ध्वनी बोलण्यातील खालपासून वरपर्यंतच्या सर्व पट्ट्या व्यापतात. शांत खोलीत, दुसरे कोणी नसताना, मुलामागे एक मीटरवर उभे राहून एकेक ध्वनी नेहमीच्या आवाजात, क्रम बदलून, मध्ये कमीजास्त वेळ थांबून उच्चारावा आणि मुलाने तो परत म्हणावा. लहान मुलाने ऐकू येताच वाटीत खडा टाकावा. नंतर तीन मीटरवरून हेच करावे. ओठ दिसू नयेत आणि सावली पडू नये, एवढे पाहावे. मुले सावलीवरूनही ओळखतात. एका कानाची परीक्षा घेताना दुसऱ्या कानापुढील मऊ कूर्चा बोटाने दाबून धरावी. ‘म’ आणि ‘ऊ’ ऐकणारे मूल ‘श’ व ‘स’ला गप्प राहिले, तर हट्टीपणाचा प्रश्न तेथेच मिटतो. ही चाचणी निदान नव्हे. डॉक्टरांकडे पाठविण्यास मात्र ती पुरेसे कारण आहे.

वर्गातील व्यवस्थेस पैसा लागत नाही. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबेलांनी उतरतो. एक मीटरवर ६० असलेले बोलणे चार मीटरवर ४८ होते. खोलीत भिंतींमुळे ते थोडे कमी उतरते, परंतु घुमल्याने अस्पष्ट होते. चालू वर्गात भोवतालचा गोंगाट ३५ डेसिबेलांच्या वर नसावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली सुचविले. पत्र्याच्या छपरावर आषाढसरी कोसळत असताना, किंवा एकाच खोलीत दोन इयत्ता मोठ्याने वाचीत असताना, ही मर्यादा पाळणे कोणासही शक्य नाही. म्हणून असे मूल पुढे, चांगला कान शिक्षकाकडे आणि वाईट कान भिंतीकडे करून बसवावे. शिक्षकाने दाराकडे वा खिडकीकडे पाठ करून बोलू नये. चेहरा काळोखात जातो आणि ओठ दिसत नाहीत. ओरडण्याचा उपयोग नाही. ओरडल्याने स्वर फुगतात, व्यंजने आहेत तेथेच राहतात. न समजलेले वाक्य तसेच पुन्हा म्हणण्यापेक्षा निराळ्या शब्दांत सांगावे. पावसाचा जोर वाढला की तोंडी पाठ थांबवून लेखन द्यावे.

तान्ह्या मुलांविषयीचे ज्ञानही आता पुष्कळ पुढे गेले आहे. निरोगी कान ऐकता ऐकता स्वतःही अतिसूक्ष्म ध्वनी बाहेर टाकतो, असे १९७८ साली लंडनचे डेव्हिड केम्प यांनी दाखविले, तेव्हा पुष्कळांना ते खरे वाटेना. आज त्याच प्रतिध्वनीवरून झोपलेल्या अर्भकाचा कान काही मिनिटांत तपासता येतो. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील क्रिस्टीन योशिनागा-इटानो यांनी १९९८ साली असे दाखविले की, ज्या मुलांचा दोष सहा महिन्यांच्या आत कळून उपाय सुरू झाला, त्यांची भाषा उशिरा कळलेल्यांपेक्षा स्पष्टपणे चांगली राहिली. केशपेशींऐवजी मज्जातंतूंना विजेने जागे करणारे रोपण, त्याचा बहुतारी प्रकार मेलबर्नच्या ग्रेम क्लार्क यांनी १९७८ साली रुग्णास बसविला. २०२४ साली चीनमधील शांघाय येथील डॉक्टरांनी ओटोफर्लिन या जनुकाच्या दोषाने बहिऱ्या जन्मलेल्या सहा मुलांच्या कानात त्या जनुकाची निर्दोष प्रत सोडल्याचे आणि त्यांपैकी पाच मुले ऐकू लागल्याचे प्रसिद्ध केले. हा दोष बहिरेपणाच्या थोड्याच रुग्णांत असतो. तरी आरंभ झाला आहे.

मूल कोठे पाठवावे, हा प्रश्न उरतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून शाळांतून येतात. ज्यांची शंका आहे त्यांची नावे आधीच लिहून ठेवून पथकाच्या हाती द्यावीत, कारण गडबडीच्या तपासणीत शांत बसणारे मूल सर्वांत आधी निसटते. पुढील तपासणी ग्रामीण व जिल्हा रुग्णालयात होते. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून, तर म्हैसूर येथे अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था १९६५ पासून हेच कार्य करीत आहे.

परंतु कायद्यातील एक अट शिक्षकाने नीट समजून घेतली पाहिजे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे दोन्ही कानांत ६० डेसिबेल वा त्याहून अधिक उणीव असेल तरच श्रवणदिव्यांग मानतात. तीस डेसिबेल उणिवेचे मूल, कानात पाणी साचलेले मूल, एका कानाचे मूल, यांपैकी कोणीही त्या व्याख्येत बसत नाही. त्याचे नाव सवलतीच्या यादीत येणार नाही. त्याच्यासाठी जे होईल ते वर्गातील जागेने, फळ्याने आणि श्रुतलेखनाच्या वहीनेच होईल.

ज्यास श्रवणयंत्र मिळेल ते मूल पहिले काही आठवडे ते काढून दप्तरात टाकील. त्याचे कारण लाज एवढेच नसते. यंत्र बोलण्याबरोबर बाक सरकल्याचा, पाटी पडल्याचा आवाजही मोठा करते, आणि इतक्या आवाजांची त्या मेंदूस सवय नसते. प्रथम शांत वेळी तासभर, मग क्रमाने अधिक, अशी सवय लावावी. यंत्र शिट्टी वाजवू लागले तर कानातील साचा सैल बसला आहे असे समजावे. पावसाळ्यात घामाने व दमटपणाने ते बिघडते. रात्री बॅटरी काढून कोरड्या डबीत ठेवावे. आणि रोज सकाळी हजेरीपूर्वी, मुलामागे उभे राहून, ते सहा ध्वनी एकदा म्हणून पाहावेत. बॅटरी संपली असेल तर ती तेव्हाच कळते.